हिरवी खूण

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो वजनकाट्यापासून. सासऱ्यांचं हृदय अशक्त झालेलं, अंगात पाणी साठायचं. वजन अचानक वाढलं की पाणी साठलं असं समजायचं आणि तडक भरती व्हायचं, असं हॉस्पिटलने बजावलं होतं. कुठे काही लिहायचं नव्हतं. काटा आपणहून आकडा हॉस्पिटलला पाठवायचा, आणि परगावी राहणाऱ्या माझ्या नणंदेलाही. काटा तिनेच घेऊन दिला होता.

सगळं ठीक असलं की फोनवर हिरवी खूण यायची आणि तिच्यामागोमाग नणंदेच्या टाळ्या. चित्रातल्या. बापाचे पाय चेपायला टाळ्यांचा काय उपयोग? पण ते जाऊ दे.

सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली. काट्याला ते ‘साहेब’ म्हणायचे. “साहेबांना हजेरी देऊन येतो,” म्हणत चढायचे आणि खूण हिरवी आली की मिशीवरून हात फिरवायचे.

“शाळेत असे रोज पास झाला असतात तर!” सासूबाई म्हणायच्या.

“तर तुझ्या वाट्याला कशाला आलो असतो?”

मग त्यांना चक्कर यायला लागली. काट्याची काच गुळगुळीत, आणि पाय सुजून चपलेत मावेनात. एकदा झोक गेला, तेव्हापासून सासूबाई त्यांच्या काखेत हात घालून त्यांना काट्यावर उभं करू लागल्या. स्वतःचे गुडघे धड नाहीत, पण नवऱ्याला धरायला कुठून बळ यायचं कोण जाणे.

वजन उतरायला लागलं. हिरव्या खुणा येत राहिल्या, टाळ्या दुप्पट झाल्या. इकडे सासरे आडवे झाले की गुदमरायचे, म्हणून खुर्चीत बसून झोपत होते.

मी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर गाठलं. तरुण, गोड बोलणारा माणूस. चेहरा आमच्याकडे, नजर मात्र शेजारच्या आलेखावर.

“आकडे तर मस्त आहेत,” ते म्हणाले. “उलट वजन जरा जास्तच उतरतंय. पाणी उतरवायची गोळी निम्मी करू या.”

“डॉक्टर, पाय बघा ना.” मी फोन सासऱ्यांच्या पायांवर धरला. “त्यांना आडवं झोपताही येत नाही.”

“पाय सोडून बसलं की येते थोडी सूज. उशीवर ठेवा. ताई, तुमची काळजी कळते मला, पण काटा खोटं बोलत नाही.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे डोळ्यांसमोरच्या पायांपेक्षा आरसाच खरा होता. मी चिडून नणंदेला फोन केला, तर ती म्हणाली, “वहिनी, तुला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का?” सासूबाईंनीही माझं ऐकलं नाही. डॉक्टरांचा शब्द त्यांना प्रमाण. त्या गोळी मोडून निम्मीच देत राहिल्या.

एका सकाळी काट्यावरून उतरवून खुर्चीत बसवलं आणि सासऱ्यांचा श्वास घरघरायला लागला. ओठ काळेनिळे. आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसलो तेव्हा नणंदेच्या टाळ्या येत होत्या.

हॉस्पिटलमधल्या पलंगालाच काटा जोडलेला होता. नर्सने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. तेच डॉक्टर.

“घरच्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे,” ते म्हणाले. “घरी वजन करताना यांच्याजवळ कोण असायचं?”

“मीच,” सासूबाई म्हणाल्या. “काखेत हात घालून वर धरायचे. सोडलं तर पडायचे ना ते.”

जितकं दुखणं वाढत होतं तितकं सासूबाई जास्त उचलून धरत होत्या, आणि तितकाच आकडा खाली जात होता. डॉक्टरांनी सासऱ्यांच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. त्यांनी त्या पायाला हात लावला तो तेव्हा, पहिल्यांदा.

मग ते कॉम्प्युटरवर लिहायला बसले. मी मागून वाचलं: ‘नातेवाइकांनी आधार दिल्यामुळे घरी चुकीचं वजन.’ खापर फोडायला डोकं हवंच होतं, सासूबाईंचं सापडलं.

“आणि मी पाय दाखवले होते, ते कुठे लिहिलंत?”

“त्याला यात रकाना नाही, ताई.” आवाज तसाच गोड. त्या क्षणी मला त्या माणसाचा आणि त्याच्या रकान्यांचा भयंकर राग आला.

दुपार टळायच्या आत सासरे गेले.

नणंद आली, माझ्या गळ्यात पडून रडली. लोक आले, गेले. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा त्यांनी विचारलं, “मी धरलं नसतं तर?”

“पडले असते, आई. हाड मोडलं असतं.”

“मग लगेच उचलून नेलं असतं ना आपण दवाखान्यात? डॉक्टरांनी हात लावून बघितलं असतं.”

मी नुसता त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

“पडू द्यायला हवं होतं गं मी त्यांना,” त्या म्हणाल्या.