स्वयंपाकघरामागचे दोन खांब

आमच्या गावात ड्रॅगन फ्रूटला कान असतात. फळावरच्या हिरव्या खवल्यांना आम्ही कानच म्हणतो, आणि व्यापारी फळाआधी कान बघतो. फळ तोडून आठवडा झाला तरी ते ताठ आणि हिरवेगार हवेत. असे कान आपोआप राहत नाहीत, त्यासाठी फवारावं लागतं. वेल खांबांवर चढवलेले असतात; आमच्या सहाशे खांबांच्या बागेत ताई दर हंगामात फवारते.

सायगॉनच्या कॉलेजात बावीस वर्षं शिकवून मी गावी परतलो, तो तीन दिवसांचं सेंद्रिय शेतीचं शिबिर करूनच. मला बागेतली फवारणी बंद करायची होती. बाग बाबांनी आम्हा दोघांच्या नावावर ठेवली होती. निर्णय मात्र ताईच्या नावावर होते. तिचा होकार मी बाबांच्या वर्षश्राद्धाला मागायचं ठरवलं. त्या दिवशी घरात पाहुणे असतात, त्यामुळे ती ओरडत नाही.

सकाळी ती देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे पाच फळं रचत होती. लालभडक, कान टवकारलेली.

"बाबांना फवारलेली फळं?" मी म्हणालो.

"बाबा खात नाहीत, बघतात. कान पडलेली ठेवली तर म्हणतील, मी गेलो आणि पोरांनी बाग बुडवली."

"मग सगळीच बाग बिनफवारणीची करू ना. त्यांना सवय होईल."

"खांग, आज पाहुणे आहेत म्हणून वाचलास."

जेवायला लूक आला. आमचा माल घेणारा व्यापारी हाच. स्वयंपाकघराच्या दारात टोपलीत दोन फळं होती. कान पिवळे पडून लोंबत होते, सालीवर मुंग्यांनी कुरतडल्याचे डाग. लूकने त्यातलं एक उचललं.

"काय मास्तर, हे शिबिरातलं वाटतं? बायकोची बोलणी खाऊन आलेल्या नवऱ्यासारखे कान पाडलेत याने."

"ते माझं नाही," मी म्हणालो. "ताईचं आहे."

ते खरंच होतं. आमच्याकडे प्रत्येक घरामागे असे एक-दोन खांब असतात. त्यांना मासे धुतलेलं पाणी मिळतं, चुलीची राख मिळते, औषध कधीच मिळत नाही. फळ पूर्ण पिकेपर्यंत कोणी हात लावत नाही. याला कोणी सेंद्रिय वगैरे म्हणत नाही. घरचं म्हणतात.

उदबत्ती विझली, नैवेद्य उतरला, जेवणं झाली. फळं तेवढी देव्हाऱ्यातच राहिली. ताईने लूकसाठी शेडमधल्या ताठ कानांच्या फळांची पिशवी भरली. त्याने ती हळूच बाजूला सरकवली.

"थोरल्या ताई, त्या घरच्यातलं एक काप की. हे माझ्याकडे ट्रकभर आहे."

ताईने फळ कापलं. पांढऱ्या गरात तिळासारख्या काळ्या बिया. आम्ही तिघांनी चमच्याने खरवडून साल पातळ होईपर्यंत खाल्लं. गोडी जिभेवर जरा उशिरा येते, आणि आली की बोलणं थांबतं.

मी शेवटी विचारलंच, "मग ती ट्रकभर फळं खातं कोण?"

"लांबची माणसं," लूक म्हणाला. "आपल्या ओळखीची नाहीत." आणि साल पुन्हा खरवडू लागला.

ताईने सुरी दोनदा पुसली.

लूक गेल्यावर भांडी विसळताना ती म्हणाली, "पुढच्या हंगामापासून स्वयंपाकघर कालव्यापर्यंत वाढव."

"म्हणजे?"

"म्हणजे कालव्यापर्यंतचे चाळीस खांब घरचे. लूकने भाव पाडला तर तू बोलायचं, मी नाही. आणि तो शिबिरातला शब्द या घरात काढायचा नाही."

"आणि बाकीचे साडेपाचशे?"

"एवढं मोठं स्वयंपाकघर झाडणार कोण? तू?"

हात पुसून ती देव्हाऱ्याकडे गेली. एक चकचकीत फळ उचलून तिथे टोपलीतलं शेवटचं फळ ठेवलं. मग पुन्हा मागे वळून तिने ते थोडं फिरवलं, आणि जास्त वाळलेले कान बाबांच्या नजरेआड केले.