पेटीवरचा कागद

तीस वर्षं मी सरकारी योजनांचं लेखापरीक्षण केलं, आणि एवढ्या वर्षांत माझं लिहिलेलं कोणी मनावर घेतल्याचं मला आठवत नाही. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून लिहावं, तर वर्षभराने उत्तर यायचं, ‘नोंद घेण्यात आली आहे.’ पुन्हा जाऊन बघावं तर तेच छप्पर, खाली फक्त बादली नवी. कार्यालयात मला टाचणी म्हणत. मी कागद सुटू देत नसे आणि वर टोचत असे, म्हणून.

“तुझे आक्षेप म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,” नवरा म्हणायचा.

“घडा पालथा आहे, एवढं तरी कुठे लिहिलेलं असावं,” मी म्हणायचे. हा विनोद आमच्या घरात इतका जुना झाला होता की त्यावर आता दोघांपैकी कोणी हसत नसे.

यंदा माझ्याकडे काचेच्या पेट्यांची योजना आली. दिवस पूर्ण भरायच्या आत जन्मलेलं मूल स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, त्याला काही दिवस अशा पेटीत ठेवावं लागतं. जिल्ह्यात सव्वीस आरोग्य केंद्रं, आणि कागदोपत्री प्रत्येकाला एक पेटी दिलेली. सव्वीस ठिकाणी जाण्याएवढी माणसं आमच्याकडे कधीच नसतात, म्हणून आठ केंद्रं निवडायची. मी चिठ्ठ्या टाकून निवडली. रोज दोन बघायची आणि कुठली दोन, ते आदल्या दिवशी दुपारी कळवायचं. केंद्र उघडं हवं, माणसं जागेवर हवीत, म्हणून नियमच तसा आहे. हा नियम करणाऱ्याला मला एकदा भेटायचं आहे.

सोमवारी पहिल्या केंद्रात पेटी होती. नंबरपट्टी नोंदवहीशी जुळली, दिवा लागला, पेटी गरम झाली. झाकणाच्या कडीजवळ जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘डावं बटण दाबू नये. अडकतं.’ ‘अडकतं’च्या खाली दोन रेघा. मला ती पट्टी फार आवडली. ही पेटी कोणीतरी रोज वापरतं, याची ती खूण होती. मी तिचा फोटोही काढला. मग तपासणी पत्रकावर लिहिलं, ‘यंत्र प्रत्यक्ष पाहिले, चालू स्थितीत आहे,’ आणि सही केली. बुधवार संध्याकाळपर्यंत अशा सहा सह्या झाल्या.

गुरुवारी सकाळी सातव्या केंद्रात गेले. खोलीला नुकताच रंग दिला होता आणि मधोमध पेटी ठेवली होती. नंबर जुळला. सही करायला पेन काढलं आणि कडीजवळ नजर गेली. डावं बटण दाबू नये. अडकतं. खाली दोन रेघा.

जिल्ह्याचं भांडार सांभाळणारे गृहस्थ सगळीकडे माझ्याबरोबर फिरत होते. सगळे त्यांना काका म्हणायचे.

“काका, ही पेटी सोमवारी कुठे होती?”

“इथेच. पेटी कुठे जाणार?”

मी नंबरपट्टी नखाने खरवडली. ती नुसती चिकटवलेली होती. तिच्याखाली दुसरा नंबर निघाला आणि त्याच्याखाली तिसरा. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

“मॅडम, सव्वीस कुठल्या आल्यात? आल्या तीनच. बाकीच्यांचे नुसते कागद आले. मी भांडार सांभाळतो, खरेदी वरून होते. मला सांगितलं, मॅडम जातील तिथे पेटी दिसली पाहिजे. मी दाखवली.”

“आणि ही मुळात कुठली?”

“नदीपलीकडच्या केंद्रातली. संध्याकाळी परत पाठवायचीय. तिथली सिस्टर रोज फोन करून डोकं खाते. तिकडे लागते हो पेटी.”

“लागते, तर आणलीत कशाला?”

काका पेटीचं झाकण पुसायला लागले. त्यांना गप्प बसवलं याचा मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. प्रश्न बिनतोड होता. तो आजही बिनतोड आहे.

पेटी संध्याकाळी गेली की पुरावा गेला, हे मला दिसत होतं. उद्या हेच काका ‘कुठली पेटी?’ म्हणून मलाच विचारतील. मी दप्तरातून कागद काढला आणि ठळक अक्षरात लिहिलं, ‘लेखी आदेशाशिवाय ही पेटी हलवू नये, उघडू नये, वापरू नये.’ हलवू नये एवढं पुरलं असतं. पण माझा हात सुटला होता. खाली सही केली, शिक्का मारला आणि झाकण आणि चौकट या दोन्हींवर येईल असा तो कागद डिंकाने घट्ट चिकटवला. आठव्या केंद्राकडे मी गेलेच नाही.

साहेबांना फोनवर सांगितलं, तर ते आयुष्यात पहिल्यांदा मला शाबास म्हणाले. “पेटी जागची हलू देऊ नका. समिती सोमवारी दुपारी येईल, पंचनामा होईल. आता हे कोणालाही दाबता येणार नाही.”

“तोपर्यंत तिकडे पेटी नाही,” मी म्हणाले. म्हणाले होते, हे मला नक्की आठवतं. फार जोर लावून म्हणाले नव्हते, हेही आठवतं.

“चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” साहेब म्हणाले.

माझा एक नियम होता. तपासणी चालू असताना अनोळखी नंबरचा फोन घ्यायचा नाही. आक्षेप गळ्याशी आला की माणसं फोनवर रडतात, ओळखी काढतात, लेकराबाळांची शपथ घालतात. एकदा ऐकलं की पेन जड होतं. तीस वर्षं मी हा नियम पाळला आणि त्याचा मला अभिमान होता.

शनिवारी नणंद आली होती. नवरा भाजी चिरत होता, आणि मी दोघांना पट्टीची गोष्ट रंगवून सांगत होते. फोन सारखा वाजत होता.

“कोणीतरी फार चिकाटीचं दिसतंय,” नवरा म्हणाला.

“आता विनवण्या सुरू झाल्या,” मी म्हणाले. फोनचा आवाज बंद केला आणि तो टेबलाच्या खणात टाकला. नणंद म्हणाली, “वहिनी, तुमच्यासारखी माणसं हवीत हो.” मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

सोमवारी सकाळी समिती येण्याआधी नदीपलीकडच्या सिस्टरचा जबाब घ्यावा म्हणून निघाले. केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीतल्या बाकावर एक म्हातारी मांडीवर घडी केलेलं लहान पांघरूण घेऊन बसली होती. माझं दप्तर आणि दाराशी उभी राहिलेली सरकारी गाडी बघून ती उठली.

“पेटीवाल्या बाई का तुम्ही?”

मी हो म्हणाले की नाही, ते आठवत नाही.

“आज आणलीत होय,” ती म्हणाली आणि परत खाली बसली. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

सिस्टर आत भांडी उकळत होती. माझ्याच वयाची असेल. खोलीच्या कोपऱ्यात फरशीवर पेटीएवढा चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ होता. मी फोनमधला पट्टीचा फोटो तिच्यासमोर धरला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून धरला.

“हे अक्षर तुमचं?”

“माझंच,” ती म्हणाली. “पेटी कुठेय?”

मग तिने सांगितलं. जबाब देतात तसं, वेळेसकट सांगितलं. शनिवारी सकाळी साडेआठला मुलगी झाली, दीड महिना आधी. रडली, चांगली रडली. शहरातल्या मोठ्या दवाखान्याला साडेतीन तास लागतात, तेवढा प्रवास तिला सोसला नसता. त्याहून जवळची पेटी सातव्या केंद्रातलीच, तिथे एक तास लागतो.

“तिथल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पेटी माझ्यासमोरच आहे, पण वर मॅडमचा कागद आहे. फाडला तर पुरावा नष्ट केला म्हणून नोकरी जाईल. म्हटलं, मग मी बाळाला घेऊन तिकडे येते. तर म्हणाले, उघडू नये, वापरू नये, असंही लिहिलंय. काकांना विचारलं. ते म्हणाले, मॅडमची लेखी परवानगी आणा. तुमचा नंबर त्यांनीच दिला.”

“किती वेळा...”

“सात.”

खणातून काढल्यावर मी त्या फोनकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. शनिवारचे सात फोन, सगळे एकाच नंबरचे.

“कापसात गुंडाळलं,” सिस्टर म्हणाली. “गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. आईच्या छातीशी ठेवलं, मग आजीच्या. तिघींनी आळीपाळीने धरलं. काल दुपारी दोनला गेली.” तिने शेगडी बंद केली. “माझा जबाब झाला का? आत बाळंतीण आहे, तिच्याकडे जायचंय.”

मी लिहून काहीच घेतलं नव्हतं.

तासाभराने मी सातव्या केंद्रात होते. पेटी मधोमध तशीच होती, आणि कागदही तसाच. एक कोपरासुद्धा उचकटलेला नव्हता. वाऱ्याने उडू नये म्हणून कोणीतरी त्याच्या कडेला वरून चिकटपट्टी लावली होती. आयुष्यात मी हजारो ओळी लिहिल्या. पूल बांधा, विहीर झाका, औषध बदला. एकही ओळ कोणी ऐकली नाही. ही एक ओळ त्यांनी शब्दाला शब्द पाळली. हलवली नाही, उघडली नाही, वापरली नाही.

मी कागद फाडायला लागले. डिंक पक्का लागला होता, नखाखाली कागदाचे तुकडे जात होते. डॉक्टर दारात उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतः फाडताय, तेवढं लिहून द्या.” मी लिहून दिलं. साहेबांना फोन केला, तर ते ओरडले नाहीत, फक्त हळू आवाजात म्हणाले, “दोन तासांत समिती येतेय. दोन तास थांबा. गेलेलं मूल काही परत येणार नाही.”

“पुढचं येईल,” मी म्हणाले आणि माझ्याच गाडीत पेटी चढवली. चालक आणि मी दोघांनी मिळून ती नदीपलीकडे नेली. सिस्टरने ती त्या स्वच्छ चौकोनात ठेवून घेतली, पुसली, लावून बघितली.

समिती आली तेव्हा खोली रिकामी होती. पुढचं सगळं कागदावर झालं, आणि कागदावर खरेदी करणारे लोक माझ्यापेक्षा हुशार होते. माझ्या आक्षेपाला त्यांचं उत्तर आलं. पेटी काही तास लेखापरीक्षकांच्या ताब्यात होती, तेव्हा नंबरपट्ट्या त्यांनीच चिकटवल्या नाहीत कशावरून? चिकटपट्टीवरचं अक्षर हा पुरावा होऊ शकत नाही. काकांनी तीन पेट्यांबद्दल आपण काहीही बोललो नाही, असं लिहून दिलं. आणि सहा केंद्रांत पेटी प्रत्यक्ष असल्याचं तर लेखापरीक्षकांनी स्वतःच सहीनिशी मान्य केलेलं आहे. सव्वीस पेट्या जिल्ह्यात आहेत, याचा आज सगळ्यात भक्कम पुरावा माझ्या सह्या आहेत.

मुलीवर एक वाक्य होतं. ‘लेखापरीक्षणाच्या मनाई आदेशामुळे उपकरण वेळेत उपलब्ध होऊ शकले नाही.’ त्या सगळ्या उत्तरात एवढंच वाक्य पूर्ण खरं होतं. मी त्यावर आक्षेप घेतला नाही. आक्षेप निकाली निघाला आणि माझी बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. इथे एक खिडकी आहे आणि शिक्का नाही. नवरा आता पालथ्या घड्याचा विनोद करत नाही. नणंद आली की मी आतल्या खोलीत जाते.

अनोळखी नंबर मी आता लगेच उचलते. विमावाले असोत, चुकून लागलेला असो, ऐकून घेते. आज सकाळी वाजला तो नंबर मात्र अनोळखी नव्हता.

“मॅडम, मी नदीपलीकडची सिस्टर.” मागे भांड्यांचा आवाज येत होता. “वरून कोणीतरी मोठे साहेब योजना बघायला येणारेत. काकांचा निरोप आलाय, पेटी चार दिवस पाहिजे.”

“नका देऊ.”

“मी नको म्हणून कोण ऐकतंय? तुम्ही लिहून द्या, पेटी हलवू नये म्हणून. सही करा, शिक्का मारा. तुमचं लिहिलेलं ऐकतात ते.”

ती टोमणा मारत नव्हती. तिने जे पाहिलं होतं, तेच ती सांगत होती.

“माझ्याकडे आता शिक्का नाही, सिस्टर,” मी म्हणाले. “माझ्या सहीला काही किंमत नाही. या चार दिवसांत कोणाचे दिवस...”

“तिघी आहेत. एकीची लक्षणं मला बरी दिसत नाहीत.”

मी समोरचा कागद ओढला. पेन उघडलं, तारीख घातली. कोणाला लिहायचं ते सुचेना. पलीकडे सिस्टर वाट बघत होती. मग तिच्याकडे गाडीचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि ती म्हणाली, “ठेवते मॅडम. न्यायला आलेत.”