काचपेटीवरचा पेंढा

स्वतःच बनवलेल्या वस्तूचा इतका छळ करणारा माणूस ठमीने जन्मात पाहिला नव्हता.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. उरणच्या मिठागरावर मुंबईच्या एका प्रयोगशाळेतला चांगदेव साठे नावाचा तरुण साहेब काचेची पेटी घेऊन आला. तळ काळा, वर उतरती काच. आत खाडीचं खारं पाणी ओतायचं. उन्हाने त्याची वाफ होऊन काचेला आतून लागायची आणि गोडं पाणी थेंबथेंब मडक्यात उतरायचं. ना लाकूड, ना रॉकेल! ठमीने ते पाणी चाखलं आणि तिचा जीवच त्या पेटीत अडकला. मिठागरावर गोडं पाणी म्हणजे थेट डोंगराखालची विहीर. तिची सून कमळ पोटुशी होती, आणि तशीच रोज निसरड्या बांधावरून घागर आणत होती. दोनदा पडता पडता वाचली होती. पेटी पास झाली की मिठागरावर अशा पुष्कळ पेट्या येणार, असं साहेब म्हणाला होता.

पण हा बाबा तर पेटीच्या मुळावरच उठलेला. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी फेकायचा. वर वाळूची पोती ठेवायचा. संध्याकाळी मडक्यातलं पाणी खुणांच्या बाटलीत मोजायचा. कमी भरलं तर कपाळाला आठ्या, जास्त भरलं तरी आठ्याच.

"सायेब, सावत्र लेकराला बी कोन असा मारीत न्हाय," ठमी एकदा म्हणाली.

"ठमाबाई, मडकं घेताना तुम्ही वाजवून घेता ना? हे तसंच. आज माझ्या हातून नाही फुटली, तर उद्या तुमच्या दारात फुटेल."

ठमीला पटलं, तरी काचेवर गार पाणी पडलं की ती तोंड फिरवायचीच.

एके दिवशी साहेब बाजारात गेला होता आणि अवकाळी ढग भरून आले. मिठागरावर ढग आणि घराला आग, दोन्ही सारखंच. जो तो पेंढा घेऊन मिठाच्या राशी झाकायला धावला. ठमीचा नवरा दयाराम पलीकडच्या राशीकडे पळाला. अलीकडची ठमीच्या भरवशावर. ती पेंढ्याचा भारा घेऊन निघाली खरी, पण वाटेत पेटी लागली. भारा एकच होता. ठमी क्षणभर थांबली, मग सगळा पेंढा पेटीवर पसरून तो दोन्ही हातांनी दाबून धरत पावसात उभी राहिली.

सर मोठी नव्हती, पण उघड्या राशीला तेवढी पुरली. महिनाभराच्या मेहनतीचं अर्धं मीठ पाणी होऊन खाडीला गेलं.

"हातचा सोडून पलत्याच्या पाठी लागलीस!" दयाराम ओरडला.

तेवढ्यात साहेब चिंब भिजून, हसत, धावत आला. "पाऊस आला, ठमाबाई! पाऊस आला!" आणि पेंढा बघून जागीच थांबला.

"थेंब लागू दिला न्हाय, सायेब," ठमी अभिमानाने म्हणाली.

साहेब काही बोलणार, तोच त्याला खचलेली रास दिसली. तो मटकन बांधावर बसला. "मी याच पावसाची वाट बघत होतो," तो हळूच म्हणाला. "सांधे गळतात का, एवढंच बघायचं राहिलं होतं."

ठमीने दाबून धरलेला पेंढा सोडून दिला. "मंग लिवून टाका ना, पानी गलत न्हाय म्हनून! कोन बघतंय?"

"तुमचं मीठ गेलं, ते मी विसरणार नाही. पण खोटं कळवलं तर वर्षभरात पेट्या बाद होतील, आणि कमळ पुन्हा घागर घेऊन बांधावर."

ठमीला संताप आला. पण पोटच्या पोराचीही बाजू न घेणारा असा बाप तिने दुसरा बघितला नव्हता, आणि मनातून तिला त्याचं फार कौतुक वाटलं.

साहेब एकदम उठला. "पाऊस गेला तर गेला. खारं पाणी आहे की! बाहेरून मारू. गळलं तर मडक्यातलं पाणी खारट होईल."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बादल्याच्या बादल्या पेटीवर मारल्या. संध्याकाळी साहेबाने मडक्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि आधी ठमीपुढे धरलं. "मीठ तुमचं गेलंय. चव तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तेच कळवतो."

सगळे बघत होते. कमळ कमरेवर हात ठेवून उभी होती. ठमीने घोट घेतला. 'गोडं' एवढा एकच शब्द, की पोरीची बांधावरची पायपीट सुटली. शब्द ओठांवर आलाही. साहेब तिच्याकडे आशेने बघत होता. पेटी त्याचीही होती ना.

"खारट हाय," ठमी म्हणाली. "लय न्हाय. पन हाय."

दयारामने कपाळावर हात मारला. साहेबाने स्वतः घोट घेतला, ठमीला हात जोडले आणि पेटीवर वाकला. आतल्या एका कोपऱ्यात मिठाची बारीक पांढरी रेघ उमटली होती.

"सापडलं!" तो ओरडला आणि काच बसवायचं लुकण तिथून नखाने उकरू लागला.

नवं लुकण वाळल्यावर पुन्हा बादल्या भरल्या. दयाराम बेताबेताने पाणी ओतत होता.

"अवं, देवाला आंघोल घालताव काय? आना ती हिकडं!" ठमीने बादली हिसकावली, काठोकाठ भरली आणि सगळं बळ लावून त्याच कोपऱ्यावर मारली.