भेटीचं शहाळं

मांजर्लीत जयदेवांच्या घरी ताप आला की सलाइन लावतात. थकवा आला तरी लावतात, लग्नाची दगदग झाली तरी लावतात. गल्लीतला डॉक्टर घरी येतो आणि पडद्याच्या हुकाला बाटली अडकवून जातो. त्यामुळे सात वर्षांच्या नेत्राला डेंग्यू झाला तेव्हा घरात कोणी फारसं घाबरलं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पोरगी गळून गेली, तेव्हा आजोबा जयदेव मोठ्या मनाने म्हणाले, "एक कशाला, दोन लाव. आमची नात हाय, हात आखडू नको."

डॉक्टरने तीन लावल्या. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यालाही आपल्याकडे डॉक्टर म्हणतात.

संध्याकाळी नेत्राचं पोट टम्म फुगलं, पापण्या सुजल्या, आडवं केलं की धाप लागू लागली. आजी जनी कौतुकाने म्हणाली, "बघ, अंगानं भरली जरा."

नेत्राची आई करिष्मा नवऱ्याच्या, भूपेशच्या, हातापाया पडली, तेव्हा कुठे पोरीला उल्हासनगरच्या एका रुग्णालयात नेलं. लहान मुलांच्या आयसीयूबाहेर डॉ. मीनल यांनी सगळ्या घराला उभं करून समजावलं, "या आजारात रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. ते आता पोटात आणि फुफ्फुसाभोवती साचलंय. तिला पाणी लागतं, पण आम्ही मोजून देऊ तेवढंच. वरचा एक घोटही नको. आणखी पाणी साचलं तर श्वासासाठी मशीन लावावं लागेल, आणि मग मी कसलीच खात्री देणार नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवण्यात या घराचा हात धरणारं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी नातेवाईक सुरू झाले. भेटीची वेळ चार ते पाच, एकेकाने आत जायचं. आता आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे शहाळं न्यायचं, आणि आपल्या डोळ्यांदेखत पाजायचं. नाहीतर नेल्याचं सार्थक कसं व्हावं? विठ्ठलवाडीच्या आत्याने पडदा ओढून थोडं पाजलं. एका काकांनी कुठल्याशा देवळाचं तीर्थ आणलं होतं, ते दिलं. जनी तर पिशवीत बाटलीच घेऊन यायची. "पोरीचे ओठ सुकलेत," ती म्हणायची, "ह्या नर्सांना काय, परक्याची पोर." प्रत्येकाचा घोट एकच, म्हणून प्रत्येकजण निर्दोष. बाहेर बाकावर बसून ही मंडळी कोणी किती माया केली ते एकमेकांना सांगत आणि वडापाव खात.

करिष्मा सगळं बघत होती. "आई, डॉक्टर नको म्हणाल्यात," ती एकदा पुटपुटली. जनीने नुसतं वळून बघितलं, तशी तिने ओढणी सारखी केली आणि मान खाली घातली. थोरांपुढे तोंड उघडायचं नाही, हे तिला लग्नाआधीच शिकवलं होतं. याला आपण संस्कार म्हणतो. शिकवणाऱ्यांपैकी त्या वेळी खाटेपाशी कोणी नव्हतं.

भरतीच्या चौथ्या दिवशी सकाळी नर्स यशोधराने नेत्राचं वजन केलं. कालच्यापेक्षा आठशे ग्रॅमने वाढलेलं. लघवी जेमतेम. कागदावर लिहिलेलं पाणी आणि पोरीचं वजन काही जुळेना. मग उशी बदलताना तिला अभ्रा चिकट लागला. तिने करिष्माला बाजूला घेतलं.

"ताई, हिला वरून काय पाजता?"

करिष्मा ओढणीच्या टोकाला पीळ घालू लागली.

"मी ओरडणार नाही. पण खरं सांगा. असंच चाललं तर दुपारपर्यंत मशीनवर जाईल ही."

नेत्रा उशांना टेकून बसली होती. मास्कच्या आत तोंड उघडं, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. तिने आईला खूण करून जवळ बोलावलं. "मम्मी, आता कोणाला पाठवू नको ना. मला पाणी नको."

करिष्माने सगळं सांगितलं. कोणी, कधी, किती. एकाचंही नाव गाळलं नाही. यशोधराने ते जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि लगेच लघवीचं औषध सुरू झालं.

चार वाजता जयदेव आले. सोबत मांजर्लीच्या वॉर्डातले पुढारी शंकरराव, त्यांच्या हातात शहाळं, आणि फोटो काढायला मोबाइल सरसावून भूपेश. करिष्मा दारात उभी राहिली.

"बाबा, आत कोणी जायचं नाय."

"बाजूला हो. शंकरराव एवढे लांबून आलेत."

"आले असतील. नेत्राच्या अंगात पाणी साचलंय, ते तुमच्या एकेकाच्या घोटानं."

जयदेव लालबुंद झाले. "त्या नर्सनं शिकवलं काय तुला? कोणत्या लोकांतली हाय ती, माहीत हाय ना? तिचं ऐकून आमाला अडवतेस?"

यशोधरा मागेच उभी होती. असलं ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आली होती. तिने शांतपणे विचारलं, "ताई, दार लावू का?"

"लावा," करिष्मा म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "तिच्याच हातामुळं माझी पोर जिवंत हाय. दोन दिवस तुमचा मान ठेवला, बाबा. आता नाय ठेवणार."

"मग माझ्या घरात पाय ठेवू नको!"

"ते नंतर बघू. आधी पोर वाचू दे."

भूपेशने मोबाइल खिशात घातला. शंकररावांनी शहाळं बाकावर ठेवलं आणि त्यांना एकाएकी मीटिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधराने लघवीचं भांडं उजेडात धरून मापलं. "सहाशे मिली, ताई!" करिष्मा त्या भांड्याकडे बघत ओक्साबोक्शी रडली. दोन दिवसांत वजन उतरलं, मास्क निघाला.

पंधरा दिवसांनी मांजर्लीत पूजा घातली. सुनेला घरात घेतलं होतं. पाहुण्यांचं जेवण कोण बघणार? ताटांवरून नजर फिरवत जयदेव सांगत होते, "डॉक्टरांनी हात टेकले होते. शहाळ्यानं तारली पोरीला." सगळ्यांनी माना हलवल्या.

वाढता वाढता करिष्मा थांबली. "शहाळ्यानं मारत आणली होती, बाबा. मुतली म्हणून वाचली."

भरल्या पंगतीत सुनेने काय तो शब्द काढला, याची चर्चा पुढे आठवडाभर चालली. पोर मरत आली होती, याची कोणी केली नाही.

किती अडाणी माणसं, असं तुम्हीही म्हणाल. मग एवढंच आठवा, परवा तुम्ही आजाऱ्याला भेटायला गेलात तेव्हा तुमच्या पिशवीत काय होतं, आणि ते पाजण्याआधी तुम्ही कोणाला विचारलं होतं?