प्लग काढला?

जुन्या मीटरची बॅटरी बदलून भाऊजींच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: कामाच्या टेबलामागची फिरती खुर्ची. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या यंत्रात उलट्या वायरी जोडून त्यांनी असा धूर काढला होता, की वहिनींनी त्यांना थेट पुढच्या काउंटरवर नेऊन बसवलं. पावत्या फाडायच्या, आल्यागेल्याला पाणी विचारायचं. काम हलकं होतं, पण भाऊजींना ते फार जड जायचं.

दुकान भाऊजींच्या थोरल्या भावाचं, वहिनींच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर वहिनींनी चालवलं, आणि त्याच्यापेक्षा बरं चालवलं. कारखान्यांची, दवाखान्यांची मोजमापाची यंत्रं तपासून दाखला द्यायचा, हा धंदा. तो सगळा उभा होता एका सव्वीस वर्षांच्या व्होल्टमीटरवर. बाकीची यंत्रं खरी की खोटी ते हा ठरवायचा, आणि हा खरा राहायचा तो पोटातल्या मेमरीत साठवलेल्या दुरुस्तीच्या आकड्यांमुळे. ते आकडे तगून होते बोटाच्या पेराएवढ्या बॅटरीवर. मीटर बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली होती. आकडे पुसले, तर पुन्हा भरून देणारं कोणी नव्हतं. मग दुकानाला कुलूप.

बॅटरी तीन व्होल्टची. त्या सकाळी वहिनींनी मोजली, तर अडीचच भरली.

"अजून महिनाभर निघेल," भाऊजी म्हणाले. खुर्ची हवी होती, पण हात नको म्हणत होते.

"गेल्या महिन्यातही हेच म्हणालात. ऑपरेशनपासून माझे डोळे बारीक कामाला लागत नाहीत, नाहीतर तुमची मनधरणी करायची मला काय हौस आहे? बसा."

भाऊजी बसले. मीटरचा प्लग काढला, झाकण उघडलं. जुनी बॅटरी सोडवण्याआधी मदतीची दुसरी बॅटरी चिमट्यांनी लावून ठेवायची, म्हणजे मेमरीचा श्वास तुटत नाही. आणि टाका वितळवायचं सोल्डरिंग आयर्न तापलं, की त्याचा प्लग भिंतीतून काढायचा, मगच टेकवायचं. प्लग लावलेला असला की आयर्नच्या टोकापासून जमिनीपर्यंत अर्थिंगची वाट उघडी असते. तसंच ते बॅटरीच्या अधिक टोकाला लागलं, तर सगळा जोर त्या वाटेने पसार, आणि आकडे पुसले. हे भाऊजींना पाठ होतं. पण पाठ असलेलं घाबरल्यावर आठवतंच असं नाही.

वहिनींनी दोन्ही चिमटे बोटांनी दाबून धरले. "प्लग काढला?"

"काढला."

उणे टोक सुटलं. भाऊजींच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता अधिक. हात कापतोय तुमचा."

"टेबल हलतंय."

"टेबल माझ्या लग्नाच्या आधीपासून हललेलं नाही. प्लग काढला ना?"

"काढला हो, किती वेळा विचाराल!"

आयर्न टेकलं. व्होल्ट दाखवायला शेजारी दुसरा मीटर ठेवला होता, त्यावरचा तीनचा आकडा धाडकन शून्याजवळ गेला. भाऊजींनी हात झटकला. आकडा परत तीनवर आला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. बटणाचा लाल दिवा चालू होता.

वहिनींची नजर चिमट्यांवर. त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

 आयर्नचा प्लग गुपचूप काढून भाऊजींनी नवी बॅटरी बसवली. झाकण लावलं. मीटर चालू केला. पडदा काळा, मग सगळे आकडे एकदम उजळले, आणि मीटर शहाण्यासारखा शून्यावर येऊन थांबला.

"जिंकलात!" वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून खुर्ची तुमची. आणि परवा दवाखान्याची यंत्रं येतायत, ती तुम्हीच तपासा."

दवाखाना ऐकून भाऊजी बसल्या जागेवरून उठले.

"वहिनी, मी प्लग काढला होता तो मीटरचा."

"मग?"

"आयर्नचा नाही."

वहिनी खाली टेकल्या. "किती वेळ टेकलं होतं?"

"पापणी लवेपर्यंत."

"आकडे तर बरोबर दिसतायत."

"दिसतायत. पण आहेत का, ते इथे कोण सांगणार? बाकी सगळ्यांचं सांगणारा हाच."

 वहिनींनी मीटर खोक्यात घातला आणि पडताळायला मोठ्या प्रयोगशाळेकडे धाडला. दवाखान्याला फोन करून नाही म्हणाल्या. तीन आठवडे दुकानातून एकही दाखला गेला नाही, आणि भाऊजींना तीन आठवडे जेवण गेलं नाही.

मीटर परत आला तो शेवटच्या आकड्यापर्यंत खरा. गप्प बसले असते, तर कोणाचंच काही बिघडलं नसतं, हे वहिनींनी त्यांना अहवाल दोनदा वाचून मुद्दाम ऐकवलं. मग खुर्ची पुढे ढकलली.

"बसा. आणि यापुढे कुठला प्लग, ते नाव घेऊन सांगत जा."

मिळायचं ते भाऊजींना मिळालं. दवाखाना आणि दोन जुने कारखाने त्या तीन आठवड्यांत दुसऱ्या दुकानाकडे गेले, ते वहिनींचे गेले.