पाचवं पान

मला जेवता येत नाही हे गावापासून लपवायची कल्पना माझ्या सासूची, पण तिला हो म्हणणारी मीच. उगाच म्हातारीच्या डोक्यावर खापर कशाला फोडू?

गेल्या वर्षी माझं आतडं सडलं. रक्ताची गाठ अडकली म्हणे. मुंबईच्या डॉक्टरांनी बहुतेक सगळं आतडं कापून काढलं, म्हणून जीव वाचला. पण खाल्लेलं अंगाला लागायचं ते आतड्यातूनच, आणि तेच उरलं नाही. मग छातीपाशी एक नळी बसवली. रोज दिवेलागणीला खुंटीवर एक पिशवी टांगायची, दुधासारखी पांढरी, आणि ती रात्रभर बारक्या मशीनमधून माझ्या रक्तात जाते. भात, डाळ, तूप, मीठ, काय म्हणाल ते त्या पिशवीत. सकाळी नळीला टोपण लावलं की मी मोकळी. वरून पदर घेतला की कुणाला काही कळत नाही. तोंडाने पाण्याचे घोट आणि चार चमचे पेज. त्यापुढे गेले की दोन दिवस मोरीत.

आणि ही मी कोण? तर लग्नाच्या पंगतीत बाप्यांशी पैज लावून जिलब्या उडवणारी कल्पिता! सखुबाईची सून जेवायला बसली की टोपाला घाम फुटतो, असं म्हणायचे.

आता आमच्या घरात सगळे चोरून जेवतात. प्रणय, माझा नवरा, टेम्पो चालवतो. तो बाहेरच खाऊन येतो आणि "भूक न्हाय" म्हणतो. सासू मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून भाकर मोडते. अहो, भाजलेल्या बोंबलाचा वास काय भिंतीकडे तोंड केल्याने लपतो? पण मीही वास आला नाही असं दाखवते. पिशव्या मुंबईहून थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून येतात. आळीला वाटतं पापलेटं. "समिंदर दारात, नि ही मोठी मानसं मासं मुंबईवरनं आनतात!" हेही ऐकून घेतलं. खरं सांगण्यापेक्षा माजोरडी म्हटलेलं बरं. न जेवता जगणारी बाई म्हणून पोरंबाळं बघायला आली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

तर समोरच्या वाडीतल्या केसरकाकी आमंत्रण घेऊन आल्या. त्यांच्या लेकीचं, पूनमचं पोट दोनदा राहून गेलेलं. या खेपेला आठवा सरत आला होता. काकींनी गावदेवीला बोललं होतं, पाच सवाष्णी पुरणावर जेवू घालीन.

"चार झाल्या, पाचवी तू," त्या म्हणाल्या. "बाकीच्या चिमण्यांवानी टिपतात. तुझ्यासारखी बसली म्हंजे देवी पोटभर जेवली."

मी तोंड उघडलं, पण सासू आधी बोलली, "येल की! न यायला काय झालं?"

काकी गेल्यावर मी सासूवर उखडले. "आता काय करू? खाऊ नि मरू?"

"न्हाय म्हटलं असतं तर का म्हणून इचारलं असतं," ती म्हणाली. "मांडीवर रिकामी पिशवी ठेव. पदराआड एकेक घास टाकायचा. आग्रह करायला वाकली की हसायचं." सगळा बेत तिच्या डोक्यात तयार होता. आणि मीही प्लॅस्टिकची पिशवी निऱ्यांत खोचून सवाष्ण म्हणून गेले. लाज वाटत होती, पण खरं बोलायची लाज त्याहून मोठी होती.

केळीचं पान, भोवती रांगोळी. पुरणपोळी, कटाची आमटी, वडे, खीर. वर तूप. काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. काकींना वाटलं भक्तीने आलं. मी घास उचलायचे, ओठांपर्यंत न्यायचे आणि हात खाली. शेजारी रंगूवहिनी बसलेली, तिचं लक्ष तिच्या पानात. काकी पोळी वाढत सुटल्या. "बघा, ही खरी सवाष्ण!" म्हणाल्या. दारात पूनम पोटावर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे बघून हसली. त्या पोरीच्या नवसाचा घास मी निऱ्यांत कोंबत होते.

जेवणं झाली. मी सुटले म्हणून श्वास टाकला. पण आम्ही दोघी शहाण्या एक विसरलो होतो. जेवणानंतर ओटी भरतात. आणि ओटी घ्यायला दोन्ही हातांनी पदर पसरावा लागतो.

काकी नारळ-तांदूळ घेऊन समोर आल्या. मी पदर पसरला आणि पिशवी सटकली. पुरणपोळ्या, वडे, सगळं त्यांच्या पायाशी.

मग रंगूवहिनी हसली. "घरी न्यायच्या व्हत्या तर मागायच्या गं. केसर काय न्हाय म्हनाली असती?"

चोर! ते परवडलं, असं मला त्या क्षणाला खरंच वाटलं. मान खाली घातली. तेवढ्यात माझ्यासोबत आलेली सासू पडवीतून उठली. दुसऱ्याच्या घरी चहाच्या घोटालाही नको म्हणणारी बाई ती.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. "मीच सांगितलं, माझ्यासाठी आन. जीभ चाळवली म्हातारीची."

लोक तिच्याकडे बघत राहिले, आणि ती त्यांच्यातून माझा हात धरून बाहेर निघाली. 

दिवे लागले. सासूने कोपरापर्यंत हात धुतले, पिशवी टांगली. मी नळी जोडली, मशीन चालू केलं. कडी लावायची रोजची सवय, त्या दिवशी दोघींच्याही डोक्यातून गेली.

"सखुबाय!" म्हणत केसरकाकी डबा घेऊन थेट आत. "राग धरू नको. खावीशी वाटली तर सांगायचं की. ह्या घे, तुपातल्या..."

त्या थांबल्या. खुंटीवरची पिशवी, मग नळी, मग माझी छाती. सासू चादर ओढायला धावली.

"राहू द्या, आई," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. आतड्यापासून थर्मोकोलपर्यंत.

काकी उंबऱ्यावरच बसल्या. "म्हंजे माझ्या पानावर तू जेवलीच न्हायस?"

"न्हाय, काकी."

"आगं, पूनमचा नवस हाय त्यो! सांगितलं असतंस तर दुसरी बसवली असती. सवाष्ण उपाशी उठली, नि मी तिच्यामागनं पोटभर जेवले." त्यांनी स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली.

मला वाटलं, जमीन फाटावी. त्या पोरीला काही झालं तर? मी रडत म्हटलं, "माझं चुकलं, काकी. मला लाज वाटत व्हती."

त्या पिशवीकडे बघत राहिल्या. "हेच तुझं जेवण?"

"हेच."

"सरतं कधी?"

"सकाळी."

डबा उंबऱ्यावरच ठेवून त्या उठून चालत्या झाल्या. सासू म्हणाली, "संपलं. आता गावभर व्हईल." होऊ दे, असं मला वाटलं. मीच मला एवढी नकोशी झाले होते, गाव आणखी काय करणार?

पण काकी परत आल्या. हातात कुंकवाचा करंडा आणि रांगोळीची डबी.

"नळीला हात लावू नका हां, काकी, जंतू जातात," मी घाबरून म्हटलं.

"न्हाय लावत, बाय." त्यांनी लांबूनच वाकून मला हळदकुंकू लावलं. मग खाली बसल्या, आणि पानाभोवती काढतात तशी माझ्या खाटेभोवती रांगोळीची रेघ ओढली. गुडघे दुखत होते त्यांचे, हुश्श हुश्श करत सगळी फिरवली.

"जेव आता," म्हणाल्या. "सवाष्ण उठल्याबिगर मी तोंडात काय घालत न्हाय."

"काकी, रात्रभर?"

"तू येवढं वरीस काढलंस ना?"

त्या भिंतीला टेकून बसल्या. सासूने चहा पुढे केला तोही सारला. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी चोर ठरले तेव्हा वाटली नाही एवढी लाज मला तेव्हा वाटली.

उजाडता मशीन वाजलं. मी नळी धुऊन टोपण लावलं.

"झालं?" काकींनी विचारलं.

"झालं."

"पोट भरलं?"

असं कुणी विचारून वर्ष झालं होतं. खरं सांगायचं तर त्या पिशवीने जीव जगतो, पोट भरत नाही. भूक तशीच बसून असते. पण नवस पूनमचा होता.

"भरलं, काकी," मी म्हटलं.

त्यांनी हात जोडले आणि डबा उघडला. पडवीत गेल्या नाहीत, पाठ फिरवली नाही. माझ्यासमोर ताट घेऊन, मांडी घालून त्यांनी पुरणपोळी मोडली, आणि सासूलाही जवळ बसवून दिली. सासूने एकदा माझ्याकडे बघितलं आणि घास तोंडात घातला. तुपाचा वास घरभर झाला.

दोन पोळ्या झाल्यावर सासू आणखी वाढायला गेली, तशा काकी "पुरे, पुरे" म्हणत हात आडवा करायला लागल्या. मी खाटेवरून उठले, रांगोळी ओलांडली आणि तिसरी त्यांच्या पानात टाकली.