नसलेला तिसरा पंप

धाकटीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. पाणी शुद्धीकरण केंद्रात ती डिजिटल ट्विन बसवायला आली होती. म्हणजे इथल्या टाक्या, पंप, झडपा संगणकात जशाच्या तशा उभ्या करायच्या आणि खऱ्या यंत्रांवरचे सेन्सर त्यांना जोडायचे, की बिघाडाची चाहूल पडद्यावर आधीच लागते. सगळ्या केंद्रांसाठी साचा एकच, आणि तो मुख्य कार्यालयात बसून बनवला होता तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं. साच्यात पंप तीन. केंद्रात दोनच.

त्यामुळे पडद्यावरचा तिसरा पंप कायम बंद दिसे आणि भोंगा ठणाणा करी.

"ताई, इथं तिसरा पंपच नाहीये गं!" तिनं पुन्हा फोन लावला.

"मग बंद दाखव त्याला."

"बंद दाखवला की भोंगा बोंबलतो!"

"चालू दाखव."

"आणि नसलेल्या पंपाचं पाणी टाकीत मोजू? ऐक ना, पंप किती ते ज्या त्या केंद्राला साच्यात भरू दे."

"एकाला सूट दिली की उद्या सगळे रांग लावतील. साच्याला हात लावायचा नाही."

धाकटीनं फोन टेबलावर आपटला. "घरीसुद्धा अशीच! हिच्या मापाचे कपडे मलाच घालायला लावायची."

पाळीवरचा ऑपरेटरही जेरीस आला होता. धाकटी जेवायला गेली तेव्हा त्यानं वैतागून भोंग्याची वायरच उपटली. नेमका त्याच दुपारी पहिला पंप तापला. पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकली, पण ती तर रोजचीच! पंप जळाला, अर्ध्या वस्तीचे नळ कोरडे पडले.

थोरली तडक आली. जळका वास नाकात जाताच थबकली. "दोनच आहेत की," ती पुटपुटली.

"मग मी काय भिंतीशी बोलत होते?"

ऑपरेटर मान खाली घालून म्हणाला, "वायर मी काढली, मॅडम."

"वैताग माझ्यामुळे आला होता तुम्हाला," थोरली म्हणाली आणि तिथंच लॅपटॉप उघडून बसली. साचा एकच ठेवला, पण कुठलं यंत्र किती, ते ज्या त्या केंद्रावर भरायची सोय केली.

"हे आधी केलं असतंस तर?" धाकटीला राहवेना.

"तर पंप वाचला असता. कळतंय मला. आता बाकीच्या केंद्रांना फोन लाव. कुणाकडे काय नाही, ते विचारून घेऊ."

धाकटीनं फोन उचलला. गाल मात्र फुगलेलेच होते.